आत येणारी पावलं

आमच्याकडे गौर पावलांवरून येते. दारापासून तिच्या जागेपर्यंत पावलं काढायची, आणि सगळी आत येणारी. बाहेर जाणारं एकही काढायचं नाही. इथे जर्मनीत, बॉनमध्ये मी आमच्या फ्लॅटच्या दारापासून सुरुवात करणार होते, पण आदल्या दिवशी व्हिडिओ कॉलवर सासूबाईंनी चौकशी केलीच.

"अगं, गौर काय जिन्यात येऊन उभी राहणार? खालच्या दारापासून काढ."

"आई, इथे जिना सगळ्यांचा असतो."

"मग येऊ दे की सगळ्यांकडे."

सासूबाईंशी वाद घालून आजवर कोणी जिंकलेलं नाही, त्यांचा मुलगा तर नाहीच. सकाळी ऑफिसला जाण्याआधी मी तांदळाच्या पिठीत पाणी घालून बसले. मूठ त्यात बुडवायची, तिची कड फरशीवर टेकवायची, वर बोटाने पाच ठिपके द्यायचे. इमारतीच्या दारापासून दुसऱ्या मजल्यावरच्या आमच्या दारापर्यंत काळ्या पायऱ्यांवर पांढरी पावलं उमटली. छान दिसत होती. कोणीतरी तक्रार करेल अशी पाल मनात चुकचुकली, पण तिला गप्प करून मी बस पकडली.

पहिल्या मजल्यावर ओमा राहतात. ओमा म्हणजे आजी. माझी सात वर्षांची मुलगी तशी हाक मारते, म्हणून मीही मारते. ऐंशीच्या घरातल्या, एकट्या. जन्म रोमानियातल्या एका जर्मन बोलणाऱ्या खेड्यातला, नंतर कधीतरी इकडे आल्या. शाळा सुटली की त्या मुलीला घेऊन यायच्या, मग ती त्यांच्याकडे सूप प्यायची, पत्त्यांमध्ये त्यांना हरवायची. त्यांच्या स्वयंपाकघरात एका तरुण पाद्र्याचा फोटो आहे. "आमच्या गावचे फादर. कम्युनिस्टांनी मारलं त्यांना," एवढंच त्या एकदा म्हणाल्या होत्या. मी "अरेरे" म्हटलं आणि कॉफी संपवली. म्हाताऱ्या माणसांच्या भिंतींवर काय काय असतं, सगळ्याची चौकशी कुठे करत बसणार.

त्या दिवशी गौर बसवायची म्हणून मी दुपारीच घरी आले. इमारतीचं दार उघडलं तर पावलं गायब. पायऱ्या ओल्या होत्या, नुकत्या पुसलेल्या. माझं डोकंच फिरलं. पुसायचीच होती तर निदान विचारायचं, एवढी कसली स्वच्छता? हे ओमांचंच काम, म्हणून तणतणत मी पहिल्या मजल्यावर गेले आणि बेल दाबली.

आतून काही आवाज नाही. पुन्हा दाबली, दार ठोठावलं. ओमांना फोन लावला, तर तो दाराच्या आतच वाजत राहिला. मुलीचे बूट नेहमी पायपुसण्याच्या बाजूला असतात, ते नव्हते. वर आमच्या घरात धावले. तिथेही ती नव्हती. शाळेत फोन केला. "हो, हो, त्या आजी येऊन घेऊन गेल्या, नेहमीसारख्याच," तिथली बाई म्हणाली.

राग कुठल्या कुठे पळाला. मन चिंती ते वैरी न चिंती म्हणतात, ते मला जिन्यात कळलं. ओमा आत पडल्या असतील, आणि मुलगी त्यांच्याजवळ बसून असेल. पण मग ती दार उघडेल. नदीकाठी गेल्या असतील, आणि ओमांना परतीचा रस्ताच आठवत नसेल. हल्ली त्यांनी दोनदा मला दुसऱ्याच कुठल्या तरी नावाने हाक मारली होती आणि मी ते हसण्यावारी नेलं होतं. नवरा कोलोनला ऑफिसात होता. त्याला फोन करून सगळं सांगितलं.

"पोलिसांना फोन कर, मी निघतोच," तो म्हणाला.

करणारच होते. तेवढ्यात मला बादली दिसली. ती तळघराकडे उतरणाऱ्या पायऱ्यांपाशी ठेवलेली होती, आणि फडकं अजून गळत होतं. इथे प्रत्येक फ्लॅटला तळघरात एक खोली असते, म्हणजे लाकडी पट्ट्यांनी अडवलेली जागा. जुन्या सायकली, बटाटे, जॅमच्या बाटल्या. मी खाली उतरले आणि मुलीला हाक मारली.

उत्तर नाही. पुन्हा मारली, मोठ्याने. माझाच आवाज भिंतींवरून परत आला. तळघरातला दिवा ठरावीक वेळाने आपोआप विझतो, तो विझला. अंधारात बटण चाचपडलं, पण सापडेना. आणि मग जवळच कोणीतरी नाक ओढल्याचा आवाज आला. आईला आपल्या मुलाचं नाक ओढणं ओळखू येतं.

दिवा लागला. पट्ट्यांच्या फटीतून मला दोघी दिसल्या. ओमा एका खोक्यावर बसल्या होत्या आणि मुलगी त्यांच्या मांडीवर. तिच्या तोंडावर हात होता. ओमांचा नव्हे, तिचा स्वतःचा. दोन्ही तळवे तोंडावर दाबून ती माझ्याकडे, सरळ माझ्या डोळ्यांत पाहत होती, आणि ओ देत नव्हती. इतकी भीती मला आयुष्यात कधी वाटली नव्हती, ती हरवली असं वाटत होतं तेव्हासुद्धा.

"बाहेर किती जण आहेत?" ओमांनी कुजबुजत विचारलं.

"कोणी नाही, ओमा. मी एकटीच आहे."

"पावलं आत आली आहेत. बाहेर गेलेली नाहीत. मी पुसली, पण त्यांनी पाहिली असतील."

मला काहीच उमगेना. एवढंच कळलं की आतली कडी त्यांच्या हातात आहे आणि ओढाताण केली तर मुलगी आणखी घाबरेल. मी खाली बसले. तळघराच्या फरशीवर बोटभर धूळ होती. मूठ वळून तिची कड धुळीत टेकवली, वर पाच ठिपके दिले. मग दुसरी मूठ. "ही माझी पावलं आहेत, ओमा. आमच्या देवीसाठी मीच काढली होती. हाताने." त्यांनी वाकून ती दोन पावलं पाहिली. मग त्यांनी कडी काढली.

नवरा पोहोचेपर्यंत आम्ही त्यांच्या स्वयंपाकघरात बसलो होतो. मुलगी मला चिकटून. ओमांचं बोलणं आता स्वच्छ होतं.

"तर, मी हिच्याएवढीच होते," त्यांनी सुरुवात केली. सरकारने फादरांना सांगितलं होतं की पोपशी संबंध तोडा. ते तयार होईनात आणि लपून राहू लागले. ओमांची आजी मरायला टेकली तेव्हा तिला शेवटचा संस्कार द्यायला ते एका पहाटे घरी आले. रात्रभर बर्फ पडला होता. अंगणात त्यांच्या बुटांचे ठसे उमटले, सगळे आत येणारे. परत निघण्याआधीच शिपाई गल्लीत आले. ओमांच्या आईने फादरांना बटाट्यांच्या तळघरात लपवलं, आणि बाहेर राहिली तर पोर बोलून जाईल म्हणून ओमांनाही त्यांच्याबरोबर खाली बसवलं.

"शिपाई हुशार होते. ठसे आतच आलेले बघूनही त्यांनी घर धुंडाळलं नाही. आईला अंगणात उभं केलं आणि म्हणाले, मुलीला हाक मार."

आईने हाक मारली. आणि मुलीने ओ दिली.

"मग?" मी विचारलं, जरी मला ऐकायचं नव्हतं.

"फादर माझ्यावर रागावले नाहीत. डोक्यावर हात ठेवून म्हणाले, आईने हाक मारली तर ओ द्यायचीच असते बाळा, तू बरोबर केलंस. आणि आधी स्वतः वर गेले, म्हणजे मला कोणी ओढून काढायला नको. त्यांना गोळी घातली. आता आमच्या गावचे लोक त्यांना हुतात्मा म्हणतात, दर वर्षी इथे त्यांच्यासाठी प्रार्थना असते. मी जात नाही. म्हणून आज हिला सांगितलं, आईचा आवाज आला तरी बोलायचं नाही. आईचा आला तर मुळीच नाही."

मी त्यांचा हात धरला. खरंच वाईट वाटलं, रडूही आलं. तरीही दुसऱ्या दिवसापासून मी मुलीला त्यांच्याकडे एकटं पाठवणं बंद केलं. दया होती, पण भीती तिच्याहून मोठी होती, आणि हे मी कोणापाशीही नाकारणार नाही. ओमांनीही कारण विचारलं नाही. आता रविवारी आम्ही तिघं त्यांच्याकडे जातो, सूप पितो, मुलगी पत्त्यांमध्ये त्यांना हरवते. मुलं विसरतात, असं नवरा म्हणतो.

परवा जेवायला हाक मारली. मुलगी शेजारच्याच खोलीत होती, पण काही आवाज नाही. दुसऱ्यांदा मारली, मग आली. असं हल्ली रोज होतं. मी जरा चिडूनच विचारलं, पहिल्या हाकेला ओ का देत नाहीस? ती नेहमीसारखी जर्मनमध्येच बोलली, अगदी साधेपणाने, ताटातली पोळी तोडत.

"आधी मी ऐकते, तुझ्याबरोबर कोणी आहे का."