नस काढलेली दाढ

आमच्या आत्याची सगळी पारख एका दाढेत आहे. धान्याच्या गोदामात एकवीस वर्षं ती प्रत्येक पोत्यातला दाणा दाताखाली धरत आली. टचकन फुटला तर माल कोरडा, दबला तर ओला. डावीकडच्या दाढा केव्हाच गेल्या. उजवीकडची जी कामाची राहिली, तिचंच रूट कॅनल झालं. दोन दिवसांनी आत्या गाल धरून माझ्या दारात.

"नस काढली ना गं? मग दुखतंय ते कुणाचं?"

मी तिला आत घेतलं.

"उपटूनच टाकते मेलीला. सोमवारी नवा माल यायचाय."

"आणि दाणा कशानं फोडशील? हिरडीनं?"

तिला ओढतच दवाखान्यात नेलं. मी मनातल्या मनात देवाचं नाव घेत होते. डॉक्टरीणबाईंनी फोटो काढला. काम नीट झालं होतं. मग तोंडात बघून म्हणाल्या, "मावशी, हे टरफल कसलं?"

"दाण्याचं. नस गेली, तर दाढेला ओलंकोरडं कळतंय का, ते बघत होते."

"कळलं?"

"कळ एवढी आली की दाणाच विसरले."

बाई कपाळाला हात लावून हसल्या. "दाढेतली नस गेली, पण मुळाच्या टोकाभोवतीच्या नसा जिवंत आहेत. साफसफाईत तिथं धक्का लागला. म्हणून शरीराच्या राखणदार पेशी धावून आल्यात. त्यांच्यामुळं सूज, सुजेमुळं ठणका. त्यात तुमचा दाणा!"

"म्हणजे माझेच राखणदार मला मारतायत?"

"मारत नाहीत हो, तिथली पडझड आवरतायत. चार-पाच दिवस लागतात."

"मग मी शक्तीच्या गोळ्या घेतेय, त्या घेऊ की नको? राखणदार वाढले तर बरं की वाईट?"

"त्या राहू द्या. मी लिहून देते तेवढ्याच घ्या. गाल सुजला, ताप आला तर लगेच या. आणि कॅप बसेपर्यंत त्या दाढेनं चावायचं नाही. दाब मुळांभोवती कळतो, त्याला आतली नस लागत नाही. पारख कुठं जात नाही तुमची."

दाढ वाचली, पण सोमवार तोंडावर आलेला. आत्यानं काय करावं? मुकादमाला दाणे फोडायला लावले आणि स्वतः त्याच्या गालाशी कान नेला. "ओला आहे. पसरा उन्हात." गोदामभर हशा.

संध्याकाळी मी विचारलं, "ठणका?"

"थांबला गं. पण आता हे कळेना, राखणदार गेले की झोपले?"

देवापुढं हात जोडून ती बराच वेळ बसली. काय मागितलंस, विचारलं तर म्हणाली, "मागणार होते, पण दाढेच्या की राखणदारांच्या, कुणाच्या बाजूनं मागू तेच सुचेना."