मुद्देमाल : एक घंटा

त्या घंटेचं प्रकरण आठवलं की मला आजही आधी हसू येतं, आणि हसू ओसरलं की हात आपोआप जोडले जातात. खात्यात उभी हयात काढलेल्या माणसाला एखाद्या गुन्ह्याबद्दल कृतज्ञता वाटावी, हे जरा विचित्रच. म्हणून लिहून ठेवतो. नावं कोणाचीच देणार नाही. त्यातले बरेच जण अजून वसईत आहेत आणि काहींची मुलं आता निवडणुकीला उभी राहतात.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. पालघर जिल्हा तेव्हा झालेला नव्हता. वसई ठाणे जिल्ह्यात होती आणि मी तिथल्या एका पोलीस ठाण्याचा प्रभारी निरीक्षक होतो. मी घाटावरचा, ज्वारीच्या मुलखातला. वसईबद्दल मला केळी आणि चर्च यापलीकडे फारसं काही माहीत नव्हतं. होळीच्या बाजारापासून जवळच्या एका गावात शंकराचं जुनं देऊळ होतं आणि त्याच्या सभामंडपात एक दणकट पितळी घंटा टांगलेली होती. तिच्या अंगावर क्रूस आणि त्याखाली लॅटिन अक्षरं. मराठ्यांनी पोर्तुगीजांकडून वसई घेतली तेव्हा चर्चच्या काही घंटा देवळांत आल्या, त्यांतलीच ही एक, असं गावात सांगत. तिच्यावरून कोणी कधी ब्र काढला नव्हता. हिंदू ती वाजवून दर्शन घेत आणि शेजारच्या आळीतले ख्रिस्ती लोक आपल्या पाहुण्यांना ती कौतुकाने दाखवायला आणत.

मग निवडणूक आली. एका उमेदवाराने जाहीर केलं की विजयाची खूण म्हणून ही घंटा ट्रकवर ठेवून ख्रिस्ती गावांमधून मिरवणूक काढणार. दुसरा कशाला मागे राहतो? त्याने जाहीर केलं, आमची घंटा आम्हाला परत द्या, मोर्चा थेट देवळावर. दोघांनी रविवारही एकच निवडला. माणिकपूरच्या नाक्यावर दोघांचे फलक समोरासमोर लागले. मी दोघांना मनाईच्या नोटिसा बजावायच्या तयारीत होतो, तेवढ्यात घंटाच नाहीशी झाली.

फिर्याद द्यायला देवस्थान समितीचा एक सदस्य आला. हा मिरवणूकवाल्या उमेदवाराचा उजवा हात. भारतीय दंड विधान कलम ३७९ खाली चोरीचा गुन्हा दाखल झाला. संशयित म्हणून त्याने ख्रिस्ती आळीतल्या एका तरुणाचं नाव दिलं. का, तर तो चहाच्या टपरीवर म्हणाला होता, "घंटा तशी आमचीच ना!"

हा तरुण वायरमनचं काम शिकलेला. त्याला आखातात नोकरी लागली होती आणि पासपोर्टच्या पोलीस पडताळणीचे कागद माझ्याच ठाण्यात होते. गुन्ह्यात नाव पक्कं झालं की पासपोर्ट अडला, आणि पासपोर्ट अडला की नोकरी गेली. त्याचे वडील पानमळ्याचे बागायतदार. सगळं घर त्या नोकरीकडे डोळे लावून बसलेलं होतं.

ठाण्यात फोन सुरू झाले. मिरवणूकवाले म्हणत, त्याला आत टाका. मोर्चावाले म्हणत, त्याला हात लावाल तर ठाण्याला घेराव घालू. थोड्याच वेळात माझ्या लक्षात आलं की तो पोरगा आत जायला दोघांनाही हवा आहे, एकाला चोर म्हणून आणि दुसऱ्याला हुतात्मा म्हणून. वरिष्ठांनी विचारलं, "अटक का करत नाही?" मी म्हणालो, "पुरावा नाही." त्यांनी फोनवर असा सुस्कारा सोडला की मी मनातल्या मनात बदलीचं सामान बांधायला घेतलं.

मला मात्र वेगळीच गोष्ट खटकत होती. ज्याची वस्तू चोरीला जाते तो माणूस ठाण्याच्या पायऱ्या झिजवतो. सायकल गेलेला शाळकरी मुलगासुद्धा येऊन विचारतो, साहेब, काही कळलं का? इथे पुढारी रोज येत होते, फिर्यादी येत होता, वार्ताहर येत होते. ज्यांनी त्या घंटेखाली आयुष्य काढलं ते देवळाचे गुरव एकदाही फिरकले नाहीत. सत्तरीचे गृहस्थ, सकाळ-संध्याकाळ पूजा करत होते, आरतीला नुसत्या टाळ्या वाजवत होते आणि चेहऱ्यावर दुःखाचा लवलेश नव्हता.

बातमी मिळाली ती एका रिक्षावाल्याकडून. माणिकपूरच्या स्टँडवरचा हा पोरगा अधूनमधून आम्हाला उपयोगी पडायचा. तो सहज बोलता बोलता म्हणाला, "साहेब, त्या गुरवकाकांना मी साइड दिलेली ना, घंटा गेली त्याच दिवशी, भर दुपारी. हातगाडी ढकलत होते, केळीच्या पानांनी फुल्ल भरलेली. एवढी गरमी, आणि ते एकदम घामाघूम."

"कुठे चालले होते?"

"कुठे म्हणजे, वाडीतच ना."

मी त्याला चहा पाजून वाटेला लावलं आणि विचार करत बसलो. केळीची पानं वाडीतून देवळात येतात, नैवेद्याला, सजावटीला. भरलेली गाडी देवळातून वाडीत कशाला जाईल? आणि नुसत्या पानांच्या ओझ्याने माणूस घामाघूम का होईल?

दुसऱ्या दिवशी साध्या वेशात त्या वाड्यांमधून चक्कर मारली. मे महिन्याचं ऊन होतं. वसईत प्रत्येक वाडीला आपलं बावखल असतं. बावखल म्हणजे बागायतीला पाणी पुरवणारं छोटं तळं. ठिकठिकाणी पंप धडधडत होते आणि बावखलांचं पाणी तळाला गेलं होतं. संशयित मुलाच्या वडिलांच्या वाडीपाशी मी थांबलो. त्यांचं बावखल काठोकाठ भरलेलं होतं आणि त्याच्या शेजारीच त्यांचा पानमळा सुकत होता. पानं पिवळी पडली होती, वेलींनी माना टाकल्या होत्या.

मी शेतकऱ्याच्या घरात वाढलो आहे. विहीर आटली म्हणून रडणारा शेतकरी मी जन्मभर पाहिला. उशाशी पाणी असताना पीक जाळणारा पाहिला नव्हता.

"काका, पंप बंद आहे का?" मी विचारलं.

"बिघडलाय," ते माझ्याकडे न बघता म्हणाले.

"पोरगा वायरमन आहे ना तुमचा?"

त्यांनी खुरपं उचललं आणि नसलेलं गवत काढायला सुरुवात केली.

मी तिथून निघालो. ठाण्यात परतलो आणि गुरवांना बोलावून घेतलं. खुर्ची दिली, चहा मागवला. म्हातारा पक्का होता. घंटा कधी पाहिली, आठवत नाही. गाडीत काय होतं, पानं होती. पानं कशाला, गुरांना. बराच वेळ त्यांनी ताकास तूर लागू दिली नाही. शेवटी मी हवालदाराला हाक मारली आणि मुद्दाम मोठ्याने सांगितलं, "उद्या सकाळी त्या वायरमन पोराला उचला. पासपोर्टच्या कागदावर गुन्हा दाखल असल्याचा शेरा मारा."

गुरवांनी कपबशी खाली ठेवली. "त्याला नको," ते म्हणाले. "मी नेली. मी एकट्याने. लिहून घ्या."

मी लिहून घेणार तेवढ्यात दारात पानमळ्याचे काका उभे. गुरवांना पोलिसांनी नेल्याचं कोणीतरी सांगितलं असावं. धापा टाकत म्हणाले, "त्याला सोडा, साहेब. बावखल माझं हाय, घंटा पन मीच नेली. याला काय बी म्हायत नाय."

"खोटं बोलतो हा!" गुरव उसळले.

"तू गप रे! तुझ्याच्याने कळशी उचलवत नाय, घंटा काय उचलतो?"

गुन्हा नाकारणारे शेकड्याने पाहिले. एकाच गुन्ह्यावर हक्क सांगून भांडणारे हे पहिलेच. हवालदार तोंड फिरवून हसू आवरत होता. मी टेबलावर हात आपटून दोघांना गप्प केलं आणि म्हणालो, "ती घंटा एका माणसाने हलत नाही, हे मला कळतं. आता खरं बोला."

खरं अगदी साधं होतं. दोघे लहानपणापासूनचे मित्र. मिरवणूक आणि मोर्चा समोरासमोर आले तर गावात काय होईल, हे दोघांना दिसत होतं. घंटाच नसेल तर मिरवणूक कशाची आणि मोर्चा कशासाठी? म्हणून दोघांनी मिळून ती उतरवली. मतदान उरकेपर्यंत बावखलात ठेवायची, मग गुपचूप परत टांगायची. मात्र पंप लावला असता तर पाणी उतरून घंटा उघडी पडली असती, आणि बाजारात जायची पायवाट नेमकी बावखलाच्या काठावरून होती. म्हणून काकांनी पानमळा सुकू दिला.

"पोराचं नाव आलं तेव्हा तरी यायचं होतं माझ्याकडे," मी काकांना म्हणालो. "त्याची नोकरी गेली असती."

"आलो असतो तर याला नेला असता तुम्ही." त्यांनी गुरवांकडे बोट दाखवलं. "आनि पोराने तर कायच केलेलं नाय. ज्याने काय केलं नाय त्याला साहेब धरनार नाय, असं वाटलं."

एवढा विश्वास माझ्यावर माझ्या वरिष्ठांनीही कधी टाकला नव्हता. मी उगाच कागद चाळत बसलो.

दोन पंच घेऊन आम्ही वाडीत गेलो. मी सांगितलं, पंप लावा आणि पाणी वाया घालवू नका, वेलींना सोडा. पाणी पाटातून पानमळ्यात शिरलं, बावखल हळूहळू उतरलं आणि गाळातून आधी घंटेची कडी, मग तो क्रूस वर आला. पंचनामा झाला, घंटा जप्त झाली, मुद्देमालाची चिठ्ठी लागली आणि ती ठाण्याच्या मालखान्यात येऊन बसली.

बातमी फुटताच मिरवणूकवाले साहेब स्वतः हजर. "अभिनंदन! आता घंटा द्या. रविवारी ट्रक ठरलाय."

"न्यायालयाच्या आदेशाशिवाय मुद्देमाल हलत नाही, साहेब."

"मग आणा की आदेश!"

"अर्ज करा तुम्ही. पण न्यायालयाला मे महिन्याची सुट्टी लागली आहे. असले अर्ज सुट्टीनंतरच निघतील."

पाठोपाठ मोर्चावाले आले. त्यांनाही हेच उत्तर. कोणी लपवली, हे दोघांनी विचारलं. मी म्हणालो, तपास चालू आहे. हे वाक्य आम्हा पोलिसांना फार उपयोगी पडतं. रविवारी ना ट्रक निघाला ना मोर्चा. बावखलात जे जमलं नसतं ते कायद्याच्या एका साध्या नियमाने जमलं. दोघा म्हाताऱ्यांचंच काम मी पुढे चालवलं, फक्त माझ्याकडे कुलूप होतं.

सरकारी वकिलांचं मत घेतलं. घंटा गुरवांच्याच ताब्यातली आणि हेतू अप्रामाणिक नव्हता, मग चोरी कसली? न्यायालयात सगळं खरं खरं मांडलं आणि गैरसमजातून दाखल झालेला गुन्हा म्हणून सी समरी, म्हणजे प्रकरण बंद करण्याचा अहवाल, मंजूर झाली. घंटा देवळाला परत द्यायचा आदेश निघाला तेव्हा तिच्यावर हक्क सांगायला दोन्ही बाजूंचं कोणीही आलं नाही. निवडणूक संपली होती. त्या तरुणाच्या पडताळणीवर 'आक्षेप नाही' असं मी स्वतःच्या हाताने लिहिलं होतं. तो आखातात गेला. त्यानंतर माझी कुठेही बदली झाली तरी दर वर्षी वसईहून सुकेळ्यांचा पुडा यायचा.

काही वर्षांनी त्या मुलाचा फोन आला. वडील गेले. मी अंत्यविधीला पोहोचलो. चर्चमधून शवपेटी बाहेर आली, चर्चची घंटा संथपणे वाजू लागली, आणि दोन ठोक्यांच्या मधल्या शांततेत वाड्यांच्या पलीकडून दुसरी घंटा ऐकू आली. तीही तशीच, थांबून थांबून एकेक ठोका. लोक माना वळवून बघू लागले. मयताला देवळाची घंटा वाजवत नाहीत, हे मला ठाऊक होतं. गुरवांना तर माझ्यापेक्षा जास्त.

दफन उरकल्यावर मी देवळात गेलो. गुरव घंटेखाली पाय पसरून बसले होते. खूप थकले होते. मी काही विचारायच्या आतच म्हणाले, "देवाला विचारून वाजवली, साहेब. मूळची तिकडचीच ना ती. आज एक दिवस त्यांच्या कामाला दिली." आणि धोतराच्या सोग्याने डोळे पुसले.

निवृत्तीनंतर वर्तमानपत्रात जगभरच्या बातम्या वाचतो. कुठे प्रार्थनास्थळावरून खटले, कुठे पोशाखावर कायदे, कुठे देवाच्या नावाने मतं. प्रत्येक ठिकाणी मोठमोठी माणसं, धर्म कुठे संपतो आणि कायदा कुठे सुरू होतो, यावर वाद घालतात. मला त्यातलं फारसं कळत नाही. मला एवढंच कळतं की राजकारणाच्या हातून ती घंटा सुटली, कारण दोन मित्रांना आपापल्या धर्माची लाज राखायची होती आणि कायदा निर्दोषाला धरणार नाही यावर त्यांचा विश्वास होता. तो विश्वास खरा ठरवायची संधी मला मिळाली. खाकी वर्दीचं याहून मोठं भाग्य मला माहीत नाही, आणि ते मी त्या दोघांकडून घेतलं आहे.

अंत्यविधीच्या त्या दिवशी निघताना मी चपला काढून पुन्हा सभामंडपात आलो. पंचनाम्याच्या वेळी, मालखान्यात, न्यायालयात, मी त्या घंटेला कितीदा हात लावला होता. वाजवली मात्र त्या दिवशी पहिल्यांदा.