बाराचा भोंगा

नोल्फाताईच्या सलूनमधून आमच्या बेटावरची कितीतरी माणसं अर्ध्या डोक्याने घरी गेली आहेत. आगीचा भोंगा वाजला की ताईची कात्री टेबलावर, अंगात अग्निशमन दलाचा कोट, आणि गिऱ्हाईक आरशासमोर एकटंच! चिलीत आग विझवणारे सगळे असेच. कुणी सुतार, कुणी पाववाला, सगळे बिनपगारी. तरी प्रत्येक आगीत एखादा उपटसुंभ ओरडतोच, "कुठे मेला होतात? फुकटचा पगार खाता!" पगार? डोंबलाचा पगार!

धाकटीच्या बाप्तिस्म्यातून ताई पळाली, तेव्हा नवरा एरिबेर्तो म्हणाला होता, "तू भोंग्याशीच लग्न करायचं होतंस."

"केलंही असतं. पण तो तुझ्यासारख्या शिंपल्या कुठे आणतो?"

दुपारी बाराला भोंगा एकदा वाजायचा, जेवणाचा. आगीला मात्र थांबून थांबून वाजतच राहायचा. शेंबड्या पोरालाही फरक कळायचा. मग राजधानीतल्या एका साहेबाने टेकडीवर पाहुण्यांसाठी लाकडी बंगल्या बांधल्या, आणि भोंग्याने पाहुण्यांची झोपमोड व्हायला लागली म्हणे! नगराध्यक्ष मान्सिया लगेच वाकला. "आग असली तरी एकदाच वाजवा. बाकीचं मोबाइलवर कळवा." मोबाइलवर! इथे रेंजसाठी दफनभूमीच्या टेकाडावर चढावं लागतं.

"मग आगीलाच सांगा, पाहुणे उठल्यावर लाग म्हणून," ताई सभेत म्हणाली. सगळे खो खो हसले, आणि हसता हसता मान्सियाच्या बाजूने हात वर केले.

व्हायचं तेच झालं. एक दिवस जेवणाच्या सुमारास म्हाताऱ्या रोसामेलच्या चुलीच्या धुराड्याने पेट घेतला. दलाच्या राखणदाराने हुकुमाप्रमाणे भोंगा एकदाच वाजवला, आणि अख्खं गाव हात धुऊन जेवायला बसलं. ताईसुद्धा! तिने रस्सा वाढला, पहिला घास तोंडात घातला आणि सहज भिंतीकडे पाहिलं. बारा वाजायला अजून अवकाश होता.

"घड्याळ मागे पडलं असेल," एरिबेर्तो म्हणाला.

ताई घास गिळायलाही थांबली नाही. बंब घेऊन चौघं पोचले तोवर छप्पर खाली आलं होतं. रोसामेल वाचला, पण त्याने आयुष्यभर एकेक फळी जोडून उभं केलेलं घर गेलं. "आत्ता उगवलात?" एकजण ताईवर खेकसला. मेल्याच्या मिशीला रस्स्यातली कोथिंबीर तशीच चिकटलेली. ताईच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

रोसामेल मात्र ओरडला नाही. कुंपणाला टेकून तो एवढंच म्हणाला, "भोंगा ऐकला होता गं मी. म्हटलं, आता येतील सगळे."

त्या वाक्याने तिला रात्रभर झोपू दिलं नाही.

दुसऱ्या दिवशी बाराला ती भोंग्याच्या खोलीत शिरली. तिने भोंगा वाजवला. थांबली, पुन्हा वाजवला. पुन्हा, पुन्हा. दलाचा कप्तान धावत आला. "ताई, वेडी झालीस का? खोटा भोंगा वाजवणाऱ्याला दलातून काढतात, माहीत आहे ना? कोट कायमचा जाईल!"

"जाऊ दे," ती म्हणाली. आणि तिने भोंगा पुन्हा वाजवला.

गाव लोटलं. कुणाच्या हातात चमचा, कुणाच्या तोंडात बटाटा. टेकडीवरचे पाहुणे टॉवेल गुंडाळून खाली आले. नगराध्यक्ष गळ्यातला जेवणाचा रुमाल तसाच ठेवून धापा टाकत पोचला.

"आग कुठे आहे? अहो बाई, आग कुठे आहे?"

ताईने कोट काढला, नीट घडी घातली आणि त्याच्या हातात दिला.

"काल होती," ती म्हणाली. "आपण सगळे जेवत होतो."