सायवनचं लग्न, टेक दुसरा

दहा वर्षं मी मालिका केल्या. म्हणजे काय केलं, तर सासूच्या तोंडावर तीनदा कॅमेरा नेला आणि तिन्ही वेळा ढोल वाजवला. याला दिग्दर्शन म्हणतात, आणि मीही निर्लज्जपणे म्हणवून घेत असे. मग एकदाचा सिनेमा मिळाला. आता काहीतरी अस्सल करायचं, असं डोक्यात घेऊन मी डहाणू रोडच्या लॉजवर मुक्काम ठोकला.

सायवनजवळच्या पाड्यावर एक वारली जोडपं सापडलं. सात वर्षं एकत्र राहत होते, पदरी दोन मुली, लग्न राहून गेलेलं. तिकडे त्यात कुणाला वावगं वाटत नाही. जमेल तेव्हा लावतात. मी म्हटलं, लग्न आम्ही लावून देतो, फक्त शूटिंग करू द्या. बाईने एवढंच विचारलं, "मला त्याची फिल्लम देशील ना?" मी मोठ्या उदारपणे हो म्हटलं.

लग्न लावणाऱ्या म्हाताऱ्या धवलेरीने आधीच बजावलं होतं, "मी एकदाच गाईन." मान डोलवायला आमच्या धंद्यात काही लागत नाही. तिने सगळी गाणी म्हटली, लग्न लागलं, आणि कॅमेरामन माझ्या कानाशी लागला: नवरीचा चेहरा फोकसमध्ये नाही.

"पुन्हा एकदा!" मी ओरडलो.

"लागलेलं लगीन परत कसं लावू?" म्हणत धवलेरी उठून गेली. नवरीही हटून बसली. नवऱ्याला मात्र आम्ही गोड बोलून वळवलं. दुसऱ्या दिवशी मुंबईहून नटी आणली, तिला नवरीचंच लुगडं नेसवलं आणि त्याच्या शेजारी उभी केली. चेहरा कसा स्वच्छ आला! पुढे समीक्षकांना त्यात मातीचा वासही आला. धन्य ती नाकं.

सिनेमा पाड्यावर दाखवला. नवरा दुसरीशीच लग्न करतोय हे पाहून बायका खिदळल्या. खरी नवरी हसली नाही. संपल्यावर सरळ माझ्यापुढे येऊन उभी राहिली.

"आता माझं लगीन दे."

"ते धुरकट आलंय गं."

"चालंल. धुरकट असली तरी मीच हाय ना ती?"

कॅमेऱ्याच्या कार्डात जागा हवी म्हणून ते चित्रण मी लग्नाच्याच संध्याकाळी पुसायला लावलं होतं. एवढं सांगायचीही माझी छाती झाली नाही. "पाठवतो," मी म्हणालो.

तिने ते खरं मानलं आणि मुलींना सांगायला गेली.