घाम न फुटलेला बर्फ

माझ्या नणंदबाई आरोग्य केंद्रात नर्स आहेत आणि मी तिथेच मदतनीस. म्हणजे घरी सासुरवास तो सासुरवास, वर कामावरही! तेवीस वर्षं लस टोचतायत, पण अजून नाकावर माशी बसू देत नाहीत. फ्रीजचं तापमान सकाळ-संध्याकाळ स्वतः बघणार. दोन ते आठ अंश, बस्स. काटा वर गेला तर भांडण, खाली गेला तर महाभांडण.

त्यांचा एक नियम. लशीचा डबा भरण्याआधी फ्रीझरमधले आइसपॅक टेबलावर काढून ठेवायचे. बाहेरून घाम फुटला, हलवल्यावर आत पाणी वाजलं, की मगच डब्यात घालायचे. त्या दिवशी मला उशीर झाला होता. टणक पॅक तसेच कोंबले. म्हटलं, जास्त थंड तर जास्त चांगलं, नाही का?

अकरा बाळांना टोचून आम्ही परत आलो. वन्संनी डब्यातला थर्मामीटर काढला आणि त्यांचा चेहराच उतरला. उणे दोन.

"पॅकला घाम फुटू दिला होतास?"

"नाही... पण वन्सं, लस पातळच आहे की!"

"गोठून परत वितळली असेल तर? बर्फाचं पाणी झालं की पाणी होतं तसंच होतं. लशीचं तसं नाही, बाई. नासलेलं दूध परत दूध होतं का?"

आम्ही नेलेली लस फ्रीजमधल्या ज्या खोक्यातली होती, त्याच खोक्यातली एक चांगली बाटली त्यांनी मुद्दाम फ्रीझरमध्ये ठेवली. सकाळी ती वितळवून तिच्यावर खूण केली. मग ती आणि डब्यातून परत आलेली बाटली, दोन्ही एका मुठीत धरून खळाखळा हलवल्या आणि टेबलावर ठेवल्या. गोठलेल्या लशीचा गाळ भराभर खाली बसतो, चांगली बराच वेळ गढूळ राहते. आमच्या बाटलीचा गाळ मागे राहिला तर सुटलो. बरोबरीने बसला तर अकराही बाळांची टोचणी वाया. घटसर्प, धनुर्वात, सगळ्याला दार उघडं.

"मागे राहा गं बाई, मागे राहा," मी पुटपुटत होते. वन्संची पापणी हलेना. दहाव्या मिनिटाला दोन्ही बाटल्यांत वर नितळ पाणी आणि खाली सारखाच पांढरा थर.

मला रडूच फुटलं. "झाकली मूठ सव्वा लाखाची, वन्सं! कुणाला कळणार आहे? आणि ती टेकाडावरची आई? चार महिने तिचे उंबरे झिजवलेत, तेव्हा कुठे काल बाळ घेऊन आली. आता दारातसुद्धा उभं करणार नाही."

"मूठ झाकून घटसर्प थांबतो का?" एवढंच बोलल्या. फ्रीजमधली नवी लस घेऊन, पॅकला घाम फुटेपर्यंत थांबून, आधी टेकाडावरच निघाल्या.

बाई दारातच होती, बाळ कडेवर.

"कालची लस गोठून फुकट गेली," वन्संनी सरळ सांगितलं. "परत टोचावं लागेल."

बाईने बाळ छातीशी घट्ट धरलं. "अजून एकदा रडवायचं त्याला? चूक कुणाची?"

"माझी."

माझा जीव तुटला. "खोटं बोलतायत त्या! बर्फ मी भरला होता."

बाई माझ्याकडे वळली. माझी मान वर होईना. मग ती पुढे आली आणि तिने बाळ माझ्याच हातात दिलं.

"धरा," म्हणाली. "आणि नीट धरा."