परसरामनं बसवलेली जाळी

साल २०२५, माझं वय चौऱ्याहत्तर. परसराम गेल्याची बातमी माझ्या कानावर तीनदा घालावी लागली. सून दारातून बोलली, मग जवळ येऊन बोलली, शेवटी कानाशी तोंड नेऊन ओरडली, "बाबा, तांड्यावरचे परसराम काका गेले!" माझी कानाची मशीन वर्षभर माझ्याजवळ नव्हती. ती परसरामच्याच घरी होती, अन् ती आणायला जायचं नाही, असं मीच ठरवलं होतं.

मारेगावजवळ त्याचं वावर अन् माझं वावर, मधात एक धुरा, हातभर बांध. शाळा मी चौथीपर्यंत शिकलो, तो तेवढीही नाही. पण कोणतीही वस्तू आतून पाहिल्याशिवाय त्याला करमत नसे. टॉर्च, रेडिओ, फवारणीचा पंप... काहीच सोडलं नाही. आधी वावरातली काळी माती भिजवून भाकरीसारखी थापायचा. मग जो स्क्रू जिथून निघाला, तशाच जागी त्या मातीत टोचून ठेवायचा, म्हणजे लावताना चूक नको. एकदा मी बाजारातून आणलेला जड चार्जर त्यानं उघडला, तर आत नुसतं वजन वाढवायला लोखंडाचा तुकडा चिकटवलेला. "तुह्यासारखाच हाये भिया," म्हणे, "वजन लय, आत काहीच नाही." त्यांच्या तांड्याच्या गोर बोलीत भिया म्हणजे भाऊ. त्या दिवशी मीही पोट धरून हसलो होतो.

पुढं माझे कान गेले. पोरानं मशीन घेऊन दिली... खिशात ठेवायची डबी, तिला वायर, वायरीच्या टोकाला कानात बसवायची गुंडी. चार महिन्यांत तिचा आवाज बसला. परसरामनं पानठेल्यावरच माती थापली, चार जणांसमोर डबी उघडली, चार स्क्रू मातीत टोचले. डबीत काही सापडलं नाही. मग गुंडीचं भोक सुईनं कोरलं, तर तेलकट कापूस निघाला. कानात अत्तराचा फाया ठेवायची सवय मला माझ्या बापापासूनची. गुंडी काढली की फाया, फाया काढला की गुंडी, असं माझं चाललेलं. परसराम कानाशी येऊन ओरडला, "मशीन चांगली हाये! तुह्या फायानं तिचा गळा घोटला!" चौघं हसले. हसणं ऐकू आलं नाही, पण दात दिसले. माझं डोकं फिरलं. "तुले फक्त उघडता येते, लावता येत नाही. तूच बिघडवली," असं म्हणून मशीन तिथंच टाकून निघालो. ती त्यानं मातीच्या भाकरीसकट घरी नेली. पोरगा नवी घेतो म्हणाला, त्यालाही नाही म्हटलं. वर्षभर बहिरा राहिलो, पण धुऱ्यावरून त्याच्याकडं पाहिलं नाही.

शेवटचा दिसला तो मारेगावच्या बसस्टँडवर. तो रस्त्याच्या पलीकडं, एक हात खिशात. ओठ हलत होते, दुसरा हात त्यानं कानाशी नेला. मला वाटलं, चिडवून राह्यला... मी मान फिरवली.

तो गेल्यावर पंधरा दिवसांनी तांड्यावर गेलो. परसरामच्या बायकोनं, वहिनीनं, डबी माझ्या हातात दिली अन् गुंडी कानात घालायची खूण केली. वर्षानंतर पहिला स्पष्ट ऐकू आला तो तिचा आवाज. "गुंडीच्या भोकावर जाळी बसवली त्यायनं, जुन्या मोबाइलातली. म्हनत होते, तो काही फाया सोडत नाही, आपनच काहीतरी करावं."

"मंग सांगितलं काहून नाही मले?"

"सांगाले गेलते ना बसस्टँडवर. मशीन खिशातच होती. तुम्ही मान फिरवली म्हने."

खाटेखाली मातीची ती भाकर तशीच होती. वाळून तडकलेली, स्क्रूच्या जागी चार भोकं. ती मी मागून घेतली. आता माझ्या देवळीत अत्तराच्या बाटलीशेजारी असते. पुसायला गेलं तर कड झडते, म्हणून सुनेला हात लावू देत नाही.

तांड्यावरून आलो, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मशीन लावून पानठेल्यावर गेलो. तेच चौघं बसले होते. मी उभ्यानंच सांगितलं, "मशीन चांगलीच होती. घाण माह्याच कानातली होती. परसराम खरं बोलला." कोणी हसलं नाही. हसले असते, तर या वेळी मला ऐकू आलं असतं.