चमचाभर गंगाजल

डॉक्टरकाकू गेल्या हिवाळ्यात नॉटिंगहॅमच्या एका हॉस्पिसमध्ये कॅन्सरने वारल्या. त्यांचा एक प्रश्न आमच्या रस्त्यावरच्या सगळ्या मराठी घरांना पाठ होता: "माहीत आहे, की वाटतं?"

विचारण्याआधी त्या चष्मा काढून कार्डिगनला पुसायच्या. तुमच्याही ओळखीत असं कुणी असेल. गणपतीच्या जेवणात मी म्हणालो, वरणात मीठ कमी दिसतंय. चष्मा उतरला. "चाखलंस, की वाटतं?" मी चाखलं नव्हतं.

दोन वर्षांपूर्वी समोरच्या सायलीचे सासरे वारले. नागपूरहून येऊन त्यांना जेमतेम तीन आठवडे झाले होते. दुपारी खुर्चीत बसल्या बसल्या मान कलली. घरी सायली एकटी. तिने ॲम्ब्युलन्सला फोन केला आणि वाट पाहताना त्यांच्या तोंडात चमचाभर गंगाजल घातलं. पॅरामेडिक्सनी मृत्यू झाल्याचं सांगितलं तोवर तिच्या फोनवरून काकू आणि मी धावत तिथे पोहोचलो होतो.

तिचा नवरा निखिल ऑफिसातून धावत आला. "काकू, तुम्ही जीपी आहात. नॅचरल डेथ म्हणून लिहून द्या ना. बाबांची चिरफाड नको."

"मी त्यांना कधी तपासलं नाही रे. कारण माहीत नसलं की मृत्यूची चौकशी करणाऱ्या कॉरोनरला कळवावं लागतं."

"आपल्या माणसांसाठी एवढंही नाही?"

"आपल्या माणसांसाठीच."

सायली स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. "पाणी घातल्यावर ते खोकले, काकू. माझ्यामुळेच गुदमरले."

चष्मा उतरला. "माहीत आहे, की वाटतं?"

"वाटतं."

"मग कॉरोनरच्या माणसांना पाण्याचंही सांग. नाहीतर जन्मभर वाटतच राहील."

सायलीने सांगितलं. अंत्यसंस्कार लांबले. निखिल काकूंशी बोलेना. काकू रोज दाराशी डबा ठेवत. तो धुऊन परत यायचा, निरोपाशिवाय.

पोस्टमॉर्टेममध्ये कारण सापडलं: हृदयविकाराचा झटका. गुदमरल्याची खूण नव्हती. कॉरोनरची चौकशी तिथेच संपली. त्या संध्याकाळी सायलीने काकूंचं दार वाजवलं.

"आता माहीत आहे," ती म्हणाली.

"ये. चहा टाकते."

हॉस्पिसमधल्या शेवटच्या दुपारी काकूंना गिळता येत नव्हतं. सायलीने गंगाजलाची बाटली दाखवून नर्सला विचारलं. नर्सने स्पंज लावलेली काडी दिली. सायलीने ती बुडवून काकूंच्या ओठांवरून फिरवली. निखिल उशाशी उभा होता.

मृत्यूचं कारण डॉक्टरांना माहीत होतं. कॉरोनरला कळवावं लागलं नाही.